झुरळाच्या पायातली वीज

दुधराम कापगते यांनी गोंदियाच्या त्या कॉलेजात सत्तावीस वर्षं बेडूक चिरले होते. हजेरीपटावर त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं होतं, पण प्रॅक्टिकलच्या दिवसांत नागपूरहून आलेले परीक्षकसुद्धा आधी दुधराम कुठे आहेत ते विचारत. बेडकाच्या मांडीतली नस ते न ओढता, न तोडता मोकळी करायचे आणि काळ्या कागदावर पांढऱ्या दोऱ्यासारखी मांडून ठेवायचे. माणूस दहावी नापास. पण प्राणिशास्त्र विभागातले दोन प्राध्यापक त्यांच्याच हातांकडे बघून चिरफाड शिकले होते आणि ते हे चारचौघांत सांगतही.

२०१०च्या पावसाळ्यात मात्र विभागात एकच चर्चा सुरू झाली. चिरफाड बंद होणार. पुढे-मागे वरून पत्र येणार, बेडूक नाही, मासा नाही, सगळं कॉम्प्युटरवर दाखवायचं. दुधराम धानाच्या रोवणीसाठी चार दिवसांची सुट्टी काढून गावाहून परतले तेव्हा ही बातमी त्यांना कॅन्टीनमध्ये कळली. शहरालगतच्या फुलचूरच्या घरी येऊन त्यांनी बायकोला, सुशिलाबाईला, सांगितलं.

"मंग तुमी काय कराल?" तिने विचारलं.

"फळा पुसीन. अजून पाच सालं हायेत."

ते हसत बोलले, पण जेवताना त्यांचं लक्ष भाताकडे नव्हतं.

त्याच महिन्यात सोनिका बिसेन विभागात रुजू झाल्या. आमगावकडच्या पोवार शेतकऱ्याची मुलगी, वय एकतीस, बंगलोरला मेंदूवर पीएच.डी. केलेली. इतकं शिकून ही बाई परत इकडे काऊन आली, हे स्टाफरूममध्ये कोणालाच समजेना. पहिल्याच आठवड्यात त्या प्राचार्यांपुढे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मला इथे मेंदूविज्ञानाचं केंद्र उभं करायचंय. संशोधनही होईल आणि आजूबाजूच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना शिकवताही येईल. विद्यापीठाची मान्यता मिळवू आपण."

प्राचार्य टेकचंद पटले मोकळे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, इथल्या माणसाचं डोकं दुखलं तर तो नागपूर नाहीतर रायपूर गाठतो. आणि तुम्ही मेंदूचं केंद्र म्हणता?"

सोनिकाबाईंनी पर्समधून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांचा प्रकल्प दिल्लीहून आधीच मंजूर झाला होता. यंत्रं येणार होती. हवी होती फक्त एक खोली.

पटले सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग घंटी वाजवून त्यांनी दुधरामला बोलावलं. "दोन नंबरचं स्टोअर रिकामं करून मॅडमना द्या."

दोन नंबरच्या स्टोअरमध्ये काय नव्हतं! मोडक्या खुर्च्या, फॉर्मेलीनच्या बरण्या, एक हात नसलेला हाडांचा सापळा आणि मतदानाचे रिकामे खोके. तीन दिवस दुधराम सामान बाहेर काढत होते, आणि नवलाची गोष्ट म्हणजे मॅडमही पदर खोचून खुर्च्या ओढत होत्या. तिसऱ्या दिवशी एका बरणीमागून मोठं झुरळ निघालं. दुधरामनी चप्पल उचलली.

"मारू नका!" मॅडम ओरडल्या. "दुधरामभाऊ, त्याला डब्यात धरा. आपलं काम त्याच्यावरच चालणार आहे."

"झुरळावर?"

"मेंदू म्हणजे काय, नसांचं जाळं. माणसाची नस आणि याची नस, दोघींतून एकाच तऱ्हेची वीज धावते. फार थोडी असते, पण असते. ती आपल्याला पकडायची आहे." मग त्यांनी दुधरामच्या हातांकडे पाहिलं. "तुमच्याबद्दल मी पटले सरांकडून ऐकलंय. केसाएवढी सुई झुरळाच्या पायात घालायची असेल, पाय न चिरडता, तर जमेल?"

दुधरामनी चप्पल खाली ठेवली. "पाहू जी," ते म्हणाले.

जानेवारीत यंत्रं आली. विजेचा बारीक इशारा हजारो पटींनी वाढवणारा अॅम्प्लिफायर, त्याला जोडलेला स्पीकर, आणि इशाऱ्याची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. खोके उघडताना दुधरामना आपल्या लग्नाच्या दिवसासारखं वाटत होतं. थर्माकोलचा एकेक तुकडाही त्यांनी नीट रचून ठेवला. झुरळाला बर्फाच्या पाण्यात ठेवून गुंगी आणायची, एक पाय काढून बुचावर ठेवायचा, त्यात दोन बारीक सुया घालायच्या आणि झुरळ परत डब्यात सोडायचं, असं मॅडमनी शिकवलं. कोवळं झुरळ असलं तर कात टाकल्यावर त्याला नवा पाय फुटतो, हे ऐकून दुधरामच्या मनावरचं ओझंच उतरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुया अशा घातल्या की मॅडम भिंगातून बघतच राहिल्या.

पण स्पीकर लावला आणि खोली भरून एकच आवाज आला. घूंऽऽऽ. पडद्यावर जाडजूड लाटा, एकामागून एक. नसेचा इशारा त्यात शोधणं म्हणजे बँडबाजा वाजत असताना मुंगीचं बोलणं ऐकण्यासारखं होतं.

"ही भिंतीतली वीज आहे," मॅडम म्हणाल्या. "वायरिंगमधून येतेय."

त्यांनी ट्यूबलाइट बंद केले. पंखा बंद केला. मोबाइल बाहेर ठेवले. मागचा पाण्याचा पंप बंद करवला. आवाज थोडा कमी व्हायचा, जायचा मात्र नाही. मागून मालगाडी गेली की उलट वाढायचा, कारण कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडेच रेल्वेची विजेची तार होती. दोन महिने असेच गेले. बंगलोरच्या गुरुजींना मॅडम रोज ईमेल करत, ते एकेक उपाय सुचवत, आणि घूं काही जाईना. स्टाफरूममध्ये लोक खोलीला 'भुंग्याची खोली' म्हणू लागले. ते ऐकून दुधरामना स्वतःचा अपमान झाल्यासारखा राग यायचा.

मार्चमधल्या एका दुपारी मॅडम स्टुलावर हात टेकून बसल्या होत्या. "दुधरामभाऊ, या बिल्डिंगचं अर्थिंग कुठे आहे? जमिनीत गेलेली तार?"

दुधराम सुया पुसता पुसता थांबले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "मॅडम, अर्थिंगचा खड्डा मागं होता. मी सोता पाहिला होता, सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मंग तिथं सायकल स्टँड झाला. काँक्रीट टाकलं वरतून. ते तार जोडूनच नाई रायली असन!"

दोघंही धावत मागे गेले. सायकली बाजूला करून पाहिलं तर भिंतीतून बाहेर आलेली तार वीतभर लोंबत होती आणि तिचं टोक गंजून हवेत होतं. मॅडमना हसावं की रडावं कळेना. सबंध इमारतीची वीज जमिनीत जायला वाटच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून खोदकाम सुरू झालं. आठ फूट खड्डा, तळाशी तांब्याची पाटी, तिच्यावर कोळसा आणि मीठ यांचे थर. खोदणाऱ्या माणसांबरोबर दुधरामही खड्ड्यात उतरले. पटले सर वरून वाकून म्हणाले, "दुधराम, मेंदू शोधता शोधता पाताळात चालले का?"

"हो जी सर! पर आज रिकामा नाई येत वरते!"

अर्थिंग झालं आणि आवाज निम्म्यावर आला. उरलेल्यासाठी मॅडमना जाळीचा पिंजरा हवा होता, ज्याच्या आत प्रयोग ठेवला की बाहेरची वीज जाळीवरच अडेल. असा पिंजरा बाहेरून मागवायला महिने गेले असते. दुधराम सायकल काढून थेट फुलचूर नाक्यावर खुमेंद्रकडे गेले. खुमेंद्र राइस मिलच्या चाळण्या आणि जाळ्या बनवायचा, आणि अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचा.

"तीन फुटाचा पिंजरा? मुर्गी पाळून राहिले का भाऊ?"

"झुरळं."

खुमेंद्रने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "सुबह से धूप में फिरे क्या?"

पण दुधरामनी सगळं समजावून सांगितलं. झुरळाच्या पायातली वीज, अॅम्प्लिफायर, रेल्वेची तार, सगळं. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं की आपल्याला हे सारं आता पाठ झालंय. खुमेंद्रने धानाच्या चाळणीची नवी जाळी उचलली आणि म्हणाला, "देखते हैं. कोपरे चांगले वेल्ड करतो. एक भी छेद खुला नाही राहणार."

पिंजरा आला तो एप्रिलच्या सुरुवातीला. गोंदियाचं ऊन नुसतं पेटलेलं. खोलीत पंखा लावायची सोय नाही, कूलर तर नाहीच. दोघं घामाने निथळत होती. दुधरामनी पाय बुचावर ठेवला, सुया घातल्या, पिंजऱ्याचा दरवाजा लावला आणि पिंजऱ्याची तार नव्या अर्थिंगला जोडली. मॅडमनी स्पीकरचं बटण फिरवलं.

काहीच नाही.

घूंसुद्धा नाही! खोलीत अशी शांतता की बाहेरच्या कडुनिंबावरचा कावळा ऐकू यावा. पडद्यावर रेघ सरळ, शांत तळ्याच्या पाण्यासारखी.

"आता फुंका," मॅडम कुजबुजल्या. "पायावरच्या केसांवर. हळू."

दुधरामनी जाळीच्या भोकातून एक नळी आत घातली आणि अगदी हळू फुंकर मारली.

टक. टक-टक. टकटकटकटक!

कढईत धानाच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज खोलीत फुटला. पडद्यावरची रेघ टोकदार होऊन वर उसळली. दुधराम दचकून मागे झाले, आवाज थांबला. पुन्हा फुंकर मारली, पुन्हा लाह्या. मॅडम एकदम उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"मिळाली! दुधरामभाऊ, मिळाली!"

दुधराम मात्र पायाकडे बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "पाय तर तुटलेला हाय. झुरळ तिकडं डब्यात बसून हाय. मंग हा पाय कोनाले सांगून राहिला?"

मॅडमनी डोळे पुसले. "कोणालाच नाही," त्या म्हणाल्या. "वारा लागला की कळवायचं, एवढंच त्या नसेला माहीत. पुढे ऐकणारं कोणी उरलं नाही, हे तिला कसं कळणार?"

"आता आपन ऐकून राहिलो ना जी," दुधराम म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा नळी ओठांना लावली.

अर्ध्या तासात खोलीबाहेर गर्दी झाली. पटले सर आले, रसायनशास्त्रवाले आले, बी.एस्सी.ची पोरं-पोरी खिडकीला लटकली. प्रत्येकाला फुंकर मारायची होती. दुधराम दारात उभे राहून एकेकाला आत सोडत होते आणि मध्येच, कोणाला न सांगता, सायकलवर टांग मारून घरी गेले. भर दुपारी नवरा दारात पाहून सुशिलाबाई घाबरली.

"काऊन आले? काय झालं?"

"काई नाई झालं व. चाल, तुले झुरळाचा पाय ऐकवतो."

ती गेली. डोक्यावरचा पदर सावरत ती त्या पिंजऱ्यापुढे उभी राहिली, तिने फुंकर मारली, आणि मागे वळून नवऱ्याकडे असं पाहिलं की दुधरामना सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नव्हती ती शाबासकी मिळाली.

त्यानंतर खोलीत रोज काहीतरी नवं होऊ लागलं. झुरळं पाळायचे डबे आले. दुसरं टेबल आलं, मग तिसरं. माणसाच्या दंडावर दोन पट्ट्या चिकटवून स्नायूतली वीज ऐकता येते, हे कळल्यावर पोरांनी पंजा लढवायचे सामने स्पीकरवर घेतले. एम.एस्सी.च्या दोन मुली तिथेच प्रबंधाचं काम करू लागल्या. दरम्यान चिरफाड कमी करण्याचं पत्र खरोखरच आलं. दुधरामनी ते नोटीस बोर्डावर स्वतःच्या हाताने लावलं आणि टाचणी घट्ट बसली का ते पाहून परत आपल्या खोलीत गेले. बेडकाची आठवण काढायला त्यांना वेळच नव्हता.

विद्यापीठाची समिती आली २०१२च्या फेब्रुवारीत. तीन जण, आणि अध्यक्ष डॉ. वझलवार नावाच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मॅडमनी आठवडाभर तयारी केली होती. पाहुण्यांचा चहा झाला, सगळे खोलीत आले, दुधरामनी पाय लावला, आणि लाइट गेली.

ती काही लोडशेडिंगची वेळ नव्हती. ऑसिलोस्कोपचा पडदा काळा होता. मॅडम एक क्षण गडबडल्या. पण दुधरामनी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मॅडम, अॅम्प्लिफायर तर बॅटरीवर चालते. स्पीकर बी."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वळून पाहुण्यांना म्हणाल्या, "दिसणार नाही. ऐकू येईल."

लाइट गेल्यामुळे सबंध परिसर गप्प झाला होता. पंखे नाहीत, पंप नाही, शेजारची मिलसुद्धा बंद. त्या शांततेत जो आवाज आला तो इतका स्वच्छ होता की तसा दुधरामनीही कधी ऐकला नव्हता. एकेक टक सुटा, मोजता येईल असा. डॉ. वझलवार खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"मला सुया घालू द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी नवा पाय घेतला. पहिली सुई वाकली. दुसऱ्या वेळी पाय घसरला. बरोबरचे दोघे सदस्य खिडकीबाहेर बघू लागले. दुधरामनी आपला स्टूल पुढे घेतला. "मॅडम, जोर नका लावू जी. सुईले सरळ धरा आन् थांबा. पाय मऊ जागा सोता दाखवते." त्यांनी बोट लावलं नाही, फक्त सांगत राहिले. थोडं डावीकडे. आता टेकवा. आता सोडा. स्पीकरमधून टकटक आली आणि डॉ. वझलवारांच्या तोंडून लहान मुलीसारखा 'अरे वा!' निघाला.

नंतर ऑफिसात प्रश्नोत्तरं झाली. एक सदस्य म्हणाले, "प्रशिक्षण केंद्राला किमान दोन प्रशिक्षक लागतात. तुम्ही एकट्याच आहात."

"आम्ही दोघं आहोत," सोनिकाबाई म्हणाल्या. "मी आणि दुधराम कापगते."

"ते परिचर आहेत. अर्जात त्यांच्यासाठी रकाना नाही."

दुधराम दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, आता मॅडम आपल्यामुळे अडकल्या. पण डॉ. वझलवारांनी पेन उघडलं. "नसेल तर आखून घ्या," त्या म्हणाल्या. "लिहा, तांत्रिक प्रशिक्षक. मी आत्ताच त्यांच्याकडून शिकलेय."

जुलैत मान्यतेचं पत्र आलं. पटले सरांनी ते माइकवरून वाचून दाखवलं. आणि डिसेंबरात पहिलं शिबिर ठरलं, पाच दिवसांचं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, पलीकडच्या बालाघाटहून मिळून सोळा प्राध्यापक येणार होते. पहिल्या दिवशी सकाळी मेंदूवर भाषण मॅडमचं आणि दुपारी सुया कशा घालायच्या हे दुधरामचं.

दुधरामची झोप उडाली. सुया घालणं वेगळं, सोळा प्राध्यापकांपुढे उभं राहून बोलणं वेगळं. त्यांनी एका कागदावर पुस्तकी भाषेत सगळं लिहून काढलं आणि सुशिलाबाईसमोर वाचलं.

"हे कोन बोलून राहिलं?" तिने विचारलं.

"मीच तर."

"मले तर बातम्यावाला वाटला. तुमी हात चालवा आन् तोंडाले येईल तसं बोला. तुमाले आयकाले येऊन राहिले ना ते?"

शिबिराच्या दुपारी कागद खिशातच होता. दुधराम उभे राहिले. "उपस्थित सन्माननीय प्राध्यापक," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. पहिल्या रांगेतल्या गडचिरोलीच्या प्राध्यापिका वही उघडून, पेन धरून त्यांच्याकडे बघत होत्या. सोनिकाबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी काहीच खूण केली नाही.

दुधरामनी समोरचा डबा उचलला. "हे पाहा जी," ते म्हणाले, "हे झुरळ. याले मारायचं नाई. हे आपल्याले पाय उधार देऊन राहिलं. म्हनून पयले याले गार पान्यात झोपवा."

सगळे हसले, आणि मग सगळे पुढे सरकले. दुधरामना पुढचं काही आठवावं लागलं नाही. हात चालत होते, तोंड चालत होतं. आठ टेबलांवर दोघं-दोघं बसले. दुधराम एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होते, वाकत होते, सांगत होते, कोणाची सुई सरळ करत होते. पहिली टकटक भंडाऱ्याच्या टेबलावरून आली. टाळ्या पडल्या. मग दुसरी, तिसरी. चार वाजेपर्यंत सात टेबलं बोलू लागली होती आणि खोलीत एवढा कल्लोळ झाला की शेजारच्या वर्गातून कोणीतरी तक्रार करायला आलं आणि तिथेच फुंकर मारत बसलं.

गडचिरोलीच्या प्राध्यापिका त्यांच्याजवळ आल्या. "दुधरामसर," त्या म्हणाल्या. आजवर त्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं. "आमच्याकडे पण अशी खोली करायची आहे. प्राचार्य हो म्हणालेत. तुम्ही याल का, उभी करून द्यायला?"

दुधरामनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ऐकलं होतं. त्या दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? तुम्हाला विचारून राहिल्या त्या!" बोलताना त्या गोंदियाचीच बोली बोलल्या आणि स्वतःच हसल्या.

"धानाची चुरणी-मळणी झाली की येतो जी," दुधराम म्हणाले. "जानेवारीत."

ते व्हरांड्यात गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. आत एवढा गलका होता की त्यांना एक कान बोटाने बंद करावा लागला.

"अवं, मले गडचिरोलीले बोलवून राहिले."

"कायले?"

"शिकवाले."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुशिलाबाई म्हणाली, "मंग दोन नवे शर्ट शिवून घ्या. प्रोफेसर लोकाइत ह्या फाटक्या कालरनं नोका जाऊ."

आतून कोणीतरी त्यांना हाक मारली. आठवं टेबल अजून गप्प होतं आणि चंद्रपूरचे दोघे सर भिंगावर डोकं आपटण्याइतके वाकले होते. दुधरामनी फोन खिशात टाकला आणि ते आत गेले. "कोनी हात नका लावू," ते दारातूनच म्हणाले, "यायले सोता आवाज काढू द्या!" आणि ते दोघांच्या मध्ये स्टूल ओढून बसले.